‘नाही’ या उत्तराची मालकी : साइट फाइंडर, २००३

१५ सप्टेंबर २००३. त्या दिवसापर्यंत जगातील कोणत्याही संगणकाने अस्तित्वात नसलेल्या ‘डॉट कॉम’ नावाची चौकशी केली, तर उत्तर ठरलेले असे : असे नाव नाही. त्या दिवशी हे उत्तर येणे थांबले. अक्षर चुको, गळो वा जास्तीचे पडो, प्रत्येक चुकीला आता एकच पत्ता मिळू लागला : ६४.९४.११०.११. त्या पत्त्यावर ‘साइट फाइंडर’ नावाचे पान उभे होते. त्यावर जवळपासची नावे सुचवलेली, शोधाची एक चौकट, आणि काही दुवे. त्यांतील काही पैसे घेऊन लावलेले.

पान होते व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीचे. ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट नेट’ या दोन्ही क्षेत्रांची मूळ नोंदवही सांभाळण्याचे कंत्राटही तिच्याचकडे होते.

पुढचे एकोणीस दिवस इंटरनेटच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाहीत. एखाद्या बलाढ्य कंपनीने सर्वांच्या वापराच्या वस्तूत परस्पर फेरफार केला, तर त्या वस्तूचे अंतरंग जाणणाऱ्यांनी चारचौघांत कसे बोलावे, याचे इतके स्वच्छ उदाहरण मात्र क्वचितच सापडते. या थ्रेडचे म्हणणे थोडक्यात असे : तंत्रज्ञांच्या संतापाने फारसे काही साधले नाही, त्यांच्या हातातील कळांनी थोडे साधले आणि थोडे बिघडवले, कामी आली ती ‘काय मोडले’ याची त्यांनी केलेली नीट नोंद. पुढे त्यांची बाजू जिथे लंगडी पडली, तिथे अशी नोंद करायला कोणी बसलेच नव्हते.

आधी थोडी पार्श्वभूमी.

इंटरनेटच्या पूर्वावतारात, म्हणजे अर्पानेटच्या काळात, सर्व संगणकांची नावे आणि क्रमांक एका साध्या फाइलमध्ये लिहिलेले असत. ती फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि सगळे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले, तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची, म्हणजेच डीएनएसची, मांडणी केली. एक मोठी वही मोडून तिच्या अनेक वह्या झाल्या. प्रत्येक वहीला आपला सांभाळणारा. ‘डॉट कॉम’ची वही एकाकडे, ‘डॉट ओआरजी’ची दुसऱ्याकडे, आणि त्यांच्याखालील प्रत्येक नावाचा कारभार त्या-त्या नावाच्या मालकाकडे.

मराठी मुलखाचा इतिहास वाचणाऱ्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. शेत कोणाचे, सारा किती, पड किती, हे त्याच्या कागदावर. दप्तर त्याच्या हाती असले, तरी गावची जमीन त्याची नसे. ज्या तुकड्यापुढे कोणाचेच नाव नाही, तिथे एका रात्रीत कुलकर्ण्याने स्वतःचे नाव घातले, तर गाव काय म्हणेल? २००३ च्या सप्टेंबरमध्ये तांत्रिक जगात उठलेल्या कल्लोळाचे मूळ याच प्रश्नात होते.

व्हेरिसाइनकडे हे दप्तर आले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. १९९३ पासून नावनोंदणीचे काम अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीला कराराने दिले होते. १९९५ मध्ये नावासाठी शुल्क घेण्याची परवानगी मिळाली आणि पाहता पाहता कारकुनी काम सोन्याची खाण ठरले. १९९८ मध्ये या सर्व कारभारावर देखरेख करण्यासाठी आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. २००० मध्ये व्हेरिसाइनने नेटवर्क सोल्यूशन्स विकत घेतली. व्यवहार जाहीर झाला तेव्हा त्याचे मोल सुमारे २१ अब्ज डॉलर सांगितले गेले. इतकी किंमत मोजणाऱ्या कंपनीला वहीतील कोऱ्या जागाही उत्पन्नाची साधने वाटू लागल्या, यात नवल नाही.

आता कळीचा मुद्दा. व्हेरिसाइनने नियम मोडला होता का?

तांत्रिक नियमाच्या अक्षराकडे पाहिले तर, नाही. डीएनएसचे १९८७ मध्ये पक्के झालेले नियम वहीच्या सांभाळणाऱ्याला तारांकित नोंद करण्याची मुभा देतात. ‘बाकी जे काही विचारले जाईल, त्याचे उत्तर हे’ असा तिचा अर्थ. संस्था लहान असेल, सगळी नावे तिचीच असतील, तर ही नोंद सोयीची ठरते. संग्रहालयांसाठी राखलेल्या ‘डॉट म्युझियम’ क्षेत्रात अशी नोंद आधीपासून होतीही. कंपनीने या गोष्टींकडे वारंवार बोट दाखवले. तिचा दुसरा युक्तिवादही वरकरणी बिनतोड होता : मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर चुकलेला पत्ता टंकणाऱ्याला आपल्या शोधपानाकडे वळवतोच आहे, मग तेच काम आम्ही केले तर आक्षेप कशाला?

म्हणजे ‘यांनी कायदा मोडला’ ही सोपी आरोळी तंत्रज्ञांना उपलब्ध नव्हती. मोडला होता तो संकेत. सर्वांनी गृहीत धरलेला, म्हणूनच कोणी कधी लिहून न ठेवलेला. बहुतेक वादग्रस्त कॉर्पोरेट निर्णय नेमके याच जागेत घेतले जातात. म्हणून ‘हे चूक आहे’ एवढे म्हणून भागत नाही. चुकीचा पत्ता सांगावा लागतो.

तो पत्ता सांगायला डीएनएस हे केवळ वेब पाहण्याचे साधन नव्हे, हे समजून घ्यावे लागते. ब्राउझर वेबपुरते बोलतो. नावांची वही मात्र ई-मेल, छपाई, फाइलींची देवाणघेवाण, यंत्रांनी यंत्रांशी केलेले व्यवहार, या सर्वांच्या तळाशी आहे. ब्राउझरने चूक सावरली, तर ती वापरणाऱ्याच्या टेबलावर सावरली जाते. न आवडल्यास तो दुसरा ब्राउझर घेतो. वहीतच बदल झाला, तर निवड उरत नाही, आणि समोर माणूस आहे की यंत्र, हे वहीला कळतही नाही.

ई-मेलचेच उदाहरण घ्यावे. पत्त्यातील डोमेन चुकले, तर पूर्वी पाठवणाऱ्याचाच मेल-सर्व्हर ‘असे नाव नाही’ हे पाहून पत्र तिथल्या तिथे परत करी. आता नाव ‘आहे’ असे उत्तर येऊ लागले. मग सर्व्हर व्हेरिसाइनच्या यंत्राशी संपर्क साधी, पाठवणारा कोण आणि घेणारा कोण हे त्याला सांगे, आणि त्यानंतर नकार ऐके. नकार तोच, परंतु दोघांचे पत्ते आता एका तिऱ्हाइताच्या दारावरून जात होते. नकार देणारा हा सुरुवातीचा प्रोग्राम तर समोरचा काय म्हणतो इकडे लक्ष न देता ठरावीक क्रमाने ठरावीक उत्तरे देई. अभियंत्यांनी ही गोष्ट पहिल्या काही दिवसांतच उघडकीस आणली, आणि त्यावर झालेला उपहास अगदीच अनाठायी नव्हता.

याहून खोल गेलेली एक अडचण होती. अनेक संस्था आपल्या ई-मेलसाठी एकाहून अधिक सर्व्हर नोंदवून ठेवतात. पहिला सापडला नाही तर दुसरा. यांपैकी एखादे नाव जुने झालेले, कधीच बंद पडलेले असे. जोवर त्या नावाला ‘नाही’ हे उत्तर येई, तोवर पत्र पुढच्या सर्व्हरकडे जाई आणि कोणाला पत्ताही लागत नसे. आता त्या मृत नावाला जिवंत उत्तर मिळू लागले, तिथे नकार मिळू लागला, आणि पत्रे परत फिरू लागली. चूक संस्थेची होती, हे खरे. पण वर्षानुवर्षे निरुपद्रवी असलेली चूक एका रात्रीत उपद्रवी झाली, तीही त्या संस्थेने काहीही न बदलता.

नको असलेले मेल अडवणाऱ्या चाळण्या पाठवणाऱ्याचे डोमेन खरोखर आहे का, हे तपासत. आता प्रत्येक बनावट डोमेन ‘खरे’ ठरू लागले. ती चाळणी निकामी झाली.

आणि एक लहानशी वाटणारी, पण मराठी वाचकाने विसरू नये अशी गोष्ट. पूर्वी ‘पत्ता सापडला नाही’ हा निरोप ब्राउझर देई, म्हणून तो वापरणाऱ्याच्या भाषेत देता येई. जपानमध्ये जपानी, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज. साइट फाइंडरने या जागी सर्वांसाठी एकच इंग्रजी पान ठेवले. ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही, त्यांना ही सोय कितपत सोय वाटली असेल, याचा विचार निर्णय घेताना झाला असल्याचे दिसत नाही.

आता प्रतिसादांकडे. पहिल्या आठवड्यात ते तीन तऱ्हांचे होते आणि तिन्ही एकाच वेळी चालू होते.

पहिला अर्थातच राग. हावरटपणा, विश्वासघात, दरोडा. सर्व शब्द वापरून झाले. रागाला कारण होते आणि त्याने बातमी पसरवण्याचे काम केले. तथापि कंपनीला तो सोयीचाच होता. ‘काही मूठभर तंत्रज्ञांना बदल नको आहे, सामान्य माणसाला आमची सेवा उपयोगी वाटते’ असे म्हणायला त्याने जागा करून दिली. ‘यातून ते पैसा कमावतात’ हा आक्षेपही तितकाच लटका होता. पैसा कमावणे हा कंपनीचा गुन्हा ठरत नाही. आणि पैसा कमावला नसता, तरी पत्रे परत फिरलीच असती.

दुसरा प्रतिसाद कृतीचा. डीएनएस सर्व्हरसाठी जगभर वापरला जाणारा ‘बाइंड’ हा प्रोग्राम इंटरनेट सॉफ्टवेअर कन्सॉर्शियम ही ना-नफा संस्था सांभाळत असे. पॉल व्हिक्सी हे तिचे प्रमुख नाव. या संस्थेने दोन-तीन दिवसांत त्या प्रोग्रामला एक ठिगळ, अभियंत्यांच्या भाषेत पॅच, उपलब्ध करून दिले. ते लावले आणि तशी आज्ञा दिली, की सर्व्हर ‘डॉट कॉम’च्या वहीतून केवळ ‘हे नाव अमुकाकडे सोपवले आहे’ अशाच नोंदी मान्य करी. तारांकित उत्तर फेकून देऊन पुन्हा ‘नाही’ म्हणू लागे. कित्येक जाळेचालकांनी त्याआधीच याहून धसमुसळे उपाय केले होते. कोणी तो एकच क्रमांक अडवला, कोणी त्याच्याकडे जाणारी वाटच बुजवून टाकली.

इथे टाळ्या वाजवण्याचा मोह होतो. कळ ज्यांच्या हाती, त्यांनी ती दाबली. पण थोडे थांबून पाहावे.

‘वहीत केवळ सोपवणुकीच्याच नोंदी असाव्यात’ हे गृहीतक ‘डॉट कॉम’ला लागू होते, सर्वांना नाही. जर्मनीच्या ‘डॉट डीई’ क्षेत्रात काही नावांची उत्तरे थेट मुख्य वहीतच लिहिलेली असत आणि ती पूर्णपणे वैध होती. हाच उपाय सरसकट लावणाऱ्याकडे जर्मनीतील निरपराध नावे नाहीशी झाली असती. म्हणून सरसकट नियमाबरोबर अपवादांची यादी देण्याची सोय ठेवावी लागली. माहितीपत्रकातील नमुन्यात ‘डॉट डीई’ आणि ‘डॉट म्युझियम’ यांची नावे होती. क्रमांक अडवणाऱ्यांचे तर त्याहून कठीण. उद्या व्हेरिसाइनने क्रमांक बदलला, तर? आणि परवा तो जुना क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळाला, तर? तो बिचारा आपले संकेतस्थळ जगाच्या एका कोपऱ्यातून का दिसत नाही, याचा शोध घेत बसणार.

सर्वांत मोठी हानी याहून वेगळी होती. एकाच प्रश्नाला पुण्यात एक उत्तर आणि पॅरिसमध्ये दुसरे, असे होऊ लागले की नावांच्या वहीचा मूळ हेतूच संपतो. कंपनीने एकतर्फी बदल केला म्हणून चिडलेले चालक स्वतःही शेकडो एकतर्फी बदल करत होते. बाइंडच्या संस्थेचे श्रेय असे की तिने ठिगळ आपोआप लागू केले नाही. ज्याला हवे त्याने जाणीवपूर्वक लावावे, अशी रचना ठेवली. प्रतिकार आणि सूड यांच्यातली रेषा एवढ्याशा तपशिलात असते.

तिसरा प्रतिसाद कागदाचा, आणि या कथेचा खरा नायक तोच. इंटरनेटच्या एकूण रचनेवर लक्ष ठेवणाऱ्या इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने १९ सप्टेंबर २००३ रोजी, म्हणजे चौथ्या दिवशी, तारांकित नोंदींवर एक टिपण प्रसिद्ध केले. वाचायला ते रुक्ष आहे. त्यात शिवी नाही, उपमा नाही. तारांकित नोंद म्हणजे काय, नियमांत तिला जागा आहे हे आधी मान्य करून, मग ती इतक्या वरच्या पातळीवर आणली की काय काय होते, हे एकेक करून सांगितले आहे : वेब, ई-मेल, मेलची चाळणी, निरोपाची भाषा, यंत्रांचे आपसांतील व्यवहार, खासगीपणा, एकाच ठिकाणी सारा भार येण्याचा धोका. चिडलेले चालक जे उपाय करत होते, त्यांच्यापासूनही धोका आहे, हे त्याच टिपणात आहे. आपल्याच बाजूच्या लोकांना न दुखावण्याचा हिशेब त्यात दिसत नाही.

शेवटी एक साधी कसोटी. ज्यांना त्या वहीतून नावे सोपवली आहेत, त्यांना धोका नीट समजावून त्यांची संमती घेतली असेल, तरच तारांकित नोंद करावी. एका वाक्यात ‘डॉट म्युझियम’ आणि ‘डॉट कॉम’ यांतला फरक स्पष्ट झाला. मूठभर संग्रहालयांची संमती घेता येते. कोट्यवधी नावधारकांना कोणी विचारलेच नव्हते.

या टिपणाचे बळ कशात होते? साइट फाइंडर फुकट असते, जाहिरातमुक्त असते, एखाद्या विद्यापीठाने चालवले असते, तरी त्यातील प्रत्येक विधान जसेच्या तसे खरे राहिले असते. प्रतिपक्षाच्या हेतूवर ज्याचा एकही विटा रचलेला नाही, असे बांधकाम प्रतिपक्षाला पाडता येत नाही. हे टिपण आकाशातून पडलेले नव्हते, हेही लक्षात घ्यावे. त्याच वर्षी जानेवारीत व्हेरिसाइनने इंग्रजीबाह्य लिपींतील नावांसाठी असाच एक मर्यादित प्रयोग केला होता आणि तेव्हाही बोर्डाने आपले आक्षेप लिहून कळवले होते. सप्टेंबरमध्ये चार दिवसांत जे लिहून झाले, त्याच्या पाठीशी आधीचा अभ्यास होता.

त्याच १९ तारखेला आयकॅनने व्हेरिसाइनला सेवा स्वेच्छेने थांबवण्याची विनंती केली. दोन दिवसांनी कंपनीने ती नाकारली. मग आयकॅनची सुरक्षा व स्थैर्य सल्लागार समिती पुढे आली. तिचे अध्यक्ष स्टीव्ह क्रॉकर. इंटरनेटच्या दस्तऐवजांच्या मालिकेतील अगदी पहिला कागद १९६९ मध्ये लिहिणारे हेच ते. समितीनेही धोक्याकडे लक्ष वेधले. ३ ऑक्टोबरला आयकॅनने कराराचा आधार घेऊन निर्वाणीचे पत्र धाडले आणि ४ ऑक्टोबर २००३ रोजी साइट फाइंडर थांबले.

‘मग काम तर निर्वाणीच्या पत्राने झाले, टिपणाचे एवढे कौतुक कशाला?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु निर्वाणीचे पत्र लिहिणाऱ्याला पायाखाली जमीन लागते. ‘लोक रागावले आहेत’ या वाक्यावर कराराची कारवाई उभी राहत नाही. ‘हे-हे मोडले आहे’ यावर राहते.

बंद झाल्यानंतरची गोष्टही तितकीच महत्त्वाची. समितीने ७ आणि १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये खुल्या बैठका घेतल्या. व्हेरिसाइनलाही आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली. नवे काही करू पाहणाऱ्याला जुनी मंडळी अडवतात, ही कंपनीची तक्रार होती. समितीच्या रचनेवरही तिने आक्षेप घेतला, आणि तो सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही. बाइंडचे व्हिक्सी या समितीचे सदस्य होते. ज्यांचे ठिगळ मैदानात, तेच पंचांच्या बाकावर, असे चित्र बाहेरच्याला दिसणारच. तांत्रिक समूह लहान असतात. तीच दहा-वीस माणसे सगळीकडे दिसतात. म्हणूनच आपला संबंध आपणच आधी सांगून टाकणे, हा अशा वेळी सभ्यतेपेक्षाही व्यवहाराचा भाग ठरतो.

जुलै २००४ मध्ये समितीचा अंतिम अहवाल आला. पायाभूत सेवेत पूर्वसूचनेविना अचानक बदल केल्याचा ठपका व्हेरिसाइनवर होता. त्याचबरोबर चालकांच्या प्रतिउपायांमुळे क्रिया-प्रतिक्रियांची साखळी निर्माण झाली आणि यंत्रणेवरचा विश्वास आणखी घटला, हेही अहवालाने नोंदवले. विजयी पक्षाने आपल्या बाजूच्या चुका आपल्याच कागदावर लिहाव्यात, असे इतिहासात वारंवार घडत नाही.

हाच फरक दुसऱ्या एका जुन्या प्रकरणात आणखी ठळक दिसतो. १९९४ च्या डिसेंबरअखेरीस जाहीर झाले की कॉम्प्युसर्व्हने तयार केलेल्या ‘गिफ’ चित्रप्रकारातील आकुंचनाच्या युक्तीवर युनिसिस कंपनीचे पेटंट आहे आणि प्रोग्राम विकणाऱ्यांना परवाना घ्यावा लागेल. तंत्रज्ञांचा एक गट लगेच पर्यायाला लागला. आठवड्याभरातच १९९५ च्या जानेवारीत पहिला आराखडा फिरू लागला आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी ‘पीएनजी’ला वेबच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. दुसऱ्या गटाने ५ नोव्हेंबर १९९९ हा ‘सर्व गिफ जाळा’ दिवस म्हणून पाळला. गिफ आजही प्रत्येकाच्या फोनमध्ये हलतबोलत आहेत, पीएनजीही आहे. अमेरिकेतील पेटंटची मुदत २० जून २००३ रोजी संपली. जाळण्याच्या दिवसाने नेमके काय जळले, हे सांगणे अवघड आहे.

भारतातही असा प्रसंग आला. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, इंटरनेट सेवांच्या नियमनाविषयी वीस प्रश्नांची पत्रिका काढली. प्रोग्रामर, वकील, पत्रकार अशा स्वयंसेवकांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहिमेतून ते प्रश्न सोप्या भाषेत उलगडले, उत्तरे तयार केली, आणि दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेले. आकडा सर्वांना आठवतो. त्या पत्रांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती, हे कमी आठवते. डिसेंबरमध्ये दुसरी पत्रिका आली, तेव्हा फेसबुकने आपल्या ‘फ्री बेसिक्स’साठी वापरकर्त्यांकडून पाठिंब्याचे छापील निरोप पाठवून घेतले. जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने जाहीरपणे सांगितले की या निरोपांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत. सल्लामसलतीचे रूपांतर हात वर करून मोजण्यात होऊ शकत नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी त्याच सुमारास संयुक्त निवेदन काढले. ‘मूलभूत’ काय हे ठरवणार कोण, आणि सारी वाहतूक एका कंपनीच्या यंत्रांतून गेली तर ती काय काय पाहू शकेल, असे मोजके मुद्दे त्यात होते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी आली.

आता साइट फाइंडरच्या कथेचा उत्तरार्ध. तो कमी सांगितला जातो, कारण तो कमी रोमहर्षक आहे.

फेब्रुवारी २००४ मध्ये व्हेरिसाइनने आयकॅनवर दावा ठोकला. मक्तेदारीविरोधी कायद्याखालील तिचे आरोप त्याच वर्षी संघीय न्यायालयाने फेटाळले, तरी भांडण मिटले नाही. खर्च दोघांनाही सोसवेना. अखेर तडजोड झाली आणि तिच्यासोबत ‘डॉट कॉम’चा नवा करार आला. २८ फेब्रुवारी २००६ रोजी आयकॅनच्या संचालक मंडळाने तो ९ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. नावामागे ६ डॉलर हा वार्षिक दर सहापैकी चार वर्षांत दरवेळी ७ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा व्हेरिसाइनला मिळाली. मुदत संपल्यावर करार तिच्याकडेच राहील, अशी नूतनीकरणाची तरतूदही कायम झाली. कंत्राट होते, ते जवळजवळ वतन झाले.

विरोध झाला. तो मोठ्या प्रमाणावर नावे विकणाऱ्या नोंदणी-कंपन्यांकडून झाला, कारण वाढीव दर आधी त्यांच्या खिशातून जाणार होता. २००३ च्या सप्टेंबरमध्ये चार दिवसांत टिपण लिहिणाऱ्या, दोन-तीन दिवसांत ठिगळ बनवणाऱ्या जगाने तशी ऊर्जा इथे लावलेली दिसत नाही. कराराची भाषा, नूतनीकरणाची कलमे, दरवाढीची टक्केवारी हे ‘आपले’ विषय नाहीत, अशी समजूत अभियंत्यांत पूर्वीपासून आहे. वास्तविक तारांकित नोंद कोण करू शकेल आणि कोणाला विचारून, हे जितके प्रोग्राममध्ये ठरते, तितकेच कलमांत ठरते. वहीची रचना जाणणाऱ्या माणसांनी ती कलमे वाचून, त्यांचे परिणाम त्याच रुक्ष पद्धतीने एकेक करून लिहिले असते, तर दर वाढला नसता असे ठामपणे म्हणता येत नाही. निदान नऊ संचालकांना मत देण्यापूर्वी ते वाचावे लागले असते.

दरम्यान तीच कल्पना दुसऱ्या दाराने परत आली. २००६ पासून अमेरिकेतील काही इंटरनेट पुरवठादार, उदाहरणार्थ अर्थलिंक, आपल्या ग्राहकांच्या चुकलेल्या नावांना जाहिरातींच्या पानाकडे वळवू लागले. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिले की अशा पानातील एका त्रुटीचा वापर करून कोणत्याही नामांकित संकेतस्थळाच्या नावाखाली बनावट पान दाखवता येते. हेही प्रात्यक्षिकच होते : काय मोडते, कसे मोडते, करून दाखवणे. कॉमकास्टने २००९ मध्ये सुरू केलेली अशीच सेवा २०१२ च्या जानेवारीत बंद केली, कारण डीएनएसची उत्तरे खरी असल्याची सही तपासणारी नवी सुरक्षा-पद्धत आणि खोटी उत्तरे देणारी सेवा एकत्र नांदू शकत नव्हत्या.

२००३ च्या त्या टिपणाचे आणि २००४ च्या अहवालाचे पुढे काय झाले, हे आयकॅनच्या करारांत शोधावे लागते. नवी सेवा सुरू करण्यापूर्वी रजिस्ट्रीने तिची सूचना देऊन तपासणी करून घ्यावी, अशी कार्यपद्धती याच प्रकरणानंतर आकाराला आली. २०१२ नंतर ज्या शेकडो नव्या क्षेत्रांना परवानगी मिळाली, त्यांच्या करारात सहाव्या परिशिष्टात तारांकित नोंदीला स्पष्ट बंदी आहे. संकेत अखेर लिहिला गेला.

‘डॉट कॉम’ची वही आजही व्हेरिसाइनकडेच आहे. करार २०२४ च्या अखेरीस आणखी सहा वर्षांसाठी वाढला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून नावाचा घाऊक दर १०.२६ डॉलर झाला.